पिशवी काढली म्हणजे काय काढलं?

कुरुळीच्या बायकांना चांगला डॉक्टर कोण म्हणून विचारा, चार जणी चार नावं सांगतील आणि वर भांडतील. रक्त कोणाकडे द्यायचं म्हणून विचारलं तर मात्र सगळ्या एकच नाव घेतात, मिनल ओव्हाळ. शीर दिसो न दिसो, मिनल दोन बोटं टेकवते, मान जराशी तिरकी करते आणि सुई आत गेलेली असते. बाई अजून "दुखंल का वो?" असं विचारतच असते, तोवर पिवळ्या टोपणाची ट्यूब अर्धी भरलेली असते. कोणी तारीफ केली तर मिनल लाजत-बिजत नाही. "वीस वर्षं हेच करतेय, आता नाही येणार तर कधी येणार?" म्हणते आणि पुढचीला हाक मारते.

मिनल आकुर्डीची. तिचे वडील अण्णासाहेब एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. तयार माल तपासायचा, चांगला पुढे सोडायचा, खराब लाल क्रेटमध्ये टाकायचा. बत्तीस वर्षं त्यांनी कंपनीत हे काम केलं आणि घरी येऊनही तेच केलं. भाजीतलं मीठ, दाराची कडी, पोरांचे मार्क, सगळं त्यांच्या नजरेखालून पास होऊन पुढे जायचं. मिनलने बारावीनंतर लॅब टेक्निशियनचा कोर्स घेतला तेव्हा भावकीत कुजबुज झाली, पोरगी लोकांचं रक्त आणि लघवी हाताळणार म्हणून. अण्णासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मी लोखंड तपासलं, ती माणसं तपासणार. प्रमोशन आहे हे, पेढे खा." भावकीने पेढे खाल्ले आणि कुजबुज बाहेर जाऊन पूर्ण केली.

तळवड्याच्या एका लॅबमध्ये तिने बरीच वर्षं काढली. लग्नही तिथलंच जमलं. नवरा धम्मरत्न आयटी पार्कची बस चालवतो आणि आपल्या बायकोला रक्ताची भीती वाटत नाही, आपल्याला वाटते, हे चारचौघांत हसत कबूल करतो. मग पुण्याच्या एका संस्थेने संशोधनासाठी माणसं घ्यायला सुरुवात केली आणि मिनल तिकडे गेली. काम ऐकायला सोपं होतं. चाळिशी उलटलेल्या बायकांचं रक्त वर्षातून एकदा घ्यायचं, त्यातली सूज मोजायची, उरलेलं गोठवून ठेवायचं आणि पुढे पुष्कळ वर्षं पाहत राहायचं, की यातल्या कोणाकोणाला अंडाशयाचा कॅन्सर होतो.

सूज म्हणजे पायावर येते ती नाही. शरीरात कुठेही काही धुमसत असलं की यकृत एक पदार्थ रक्तात सोडतं. त्याला सीआरपी म्हणतात. दात किडलेला असो, गुडघा धरलेला असो, साधी सर्दी असो, सीआरपीचा आकडा वर जातो. धुमसतंय कुठे, ते आकडा सांगत नाही. संशोधकांचा कयास एवढाच होता की ज्या बाईचा हा आकडा वर्षानुवर्षं चढलेला राहतो, तिला हा आजार व्हायचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असावा. आजार तसा फार जणींना होत नाही. पण ज्यांना होतो त्यांच्या पोटात तो चोरपावलांनी वाढतो. पोट फुगतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, आणि सगळं घर मिळून त्याला गॅस म्हणतं. कळेपर्यंत बहुतेकींना उशीर झालेला असतो. म्हणून हा सगळा खटाटोप.

मिनल बायकांना हे तिच्या भाषेत सांगायची. "मावशी, चूल विझल्यावरसुद्धा राखेखाली निखारा राहतो ना? तो आहे का एवढंच बघायचं. निखारा आहे म्हणजे घराला आग लागली असं नाही." बायकांना हे पटायचं. तळवडे ते कुरुळी अशा पट्ट्यात तिच्या वाट्याला बाराशे बायका होत्या, आणि त्यातल्या सगळ्या दरवर्षी परत यायच्या. इतर शहरांतल्या टेक्निशियनांच्या यादीतल्या बायका गळत होत्या, कंटाळत होत्या, फोन उचलत नव्हत्या. मिनलच्या यादीला गळती नव्हती. संस्थेच्या वार्षिक बैठकीत हे पडद्यावर आकड्यांनिशी दाखवलं गेलं, तेव्हा तिने त्याचा फोटो काढून घेतला आणि अण्णांना पाठवला. अण्णांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. अण्णांचा अंगठा म्हणजे इतरांच्या घरचा सत्कार समारंभ.

कुरुळीत रक्ताचा दिवस गुरुवार. या पट्ट्यात कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे बायका त्याच दिवशी हाती लागतात. गावच्या समाजमंदिरात मिनल टेबल मांडायची, बर्फाची पेटी बाजूला ठेवायची आणि सकाळी सातपासून ओळ लागायची. संस्थेचा एक नियम होता आणि तो बायकांना पाठ होता. सलग दोन वर्षं आकडा दहाच्या वर गेला, तर संस्था चिठ्ठी देते. त्या चिठ्ठीवर मोठ्या डॉक्टरकडून तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी होते. बायका त्याला गमतीने लॉटरी म्हणायच्या.

चौथ्या वर्षी पुण्याच्या ऑफिसातून नवी यादी आली, आणि तिच्यातून कुरुळीच्या त्रेसष्ट बायका गायब होत्या. नावापुढे एकच शेरा होता, "अंडाशय काढलेले, अपात्र." ज्या बाईला अंडाशयच नाहीत तिला अंडाशयाचा कॅन्सर होईल की नाही, हे पाहत बसण्यात अर्थ नाही, हे मिनललाही कळत होतं. तिने यादी घडी घालून पर्समध्ये टाकली. त्रेसष्ट आकडा जरा मोठा वाटला, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरशी कोण भांडणार, असं म्हणून तिने तो विषय सोडला.

विषय सोडला नाही तो दुर्गाबाईंनी. दुर्गाबाई बावन्न वर्षांच्या, मूळच्या बीडकडच्या. कुरुळीतल्या एका कॅन्टीनमध्ये चपात्या करायच्या. एका शिफ्टला आठशे चपात्या त्यांच्या हाताखालून जायच्या, आणि एकही वाकडी नसायची. यजमान उद्धवराव चाकणमध्ये एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला होते. त्या गुरुवारी दुर्गाबाई पाणी पिऊन, बाही वर करून ओळीत उभ्या राहिल्या आणि टेबलापाशी आल्यावर त्यांना कळलं की आपलं नाव नाही.

"काहून न्हाई? माझं रगत नासकं निघालं का?"

"तसं नाही मावशी. तुमची पिशवी काढलेली आहे ना, म्हणून."

"पिशवी तर कवाच काढली. सत्ताविसाव्या वरसी. मंग तीन वरसं काहून घेतलं रगत?"

मिनलने समजावलं, की पिशवीबरोबर अंडाशयही काढलेत ना, म्हणून. दुर्गाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "ते काय असतंय?"

"पिशवीच्या दोन्ही बाजूंना असतात. दोन. बदामाएवढे."

"मला तर कुनी सांगितलं न्हाई बाई. डाक्टर म्हणला पिशवी खराब झालीया, काढावी लागंल. काढली. अजून काय काढलं, मला काय ठाव? मी तर गुंगीत होते."

मागची बाई हसली. तिच्या मागची नाही हसली, कारण तिचीही पिशवी काढलेली होती आणि तिलाही ठाऊक नव्हतं. मिनलने त्या दिवशी उरलेल्या बायकांचं रक्त घेतलं, पण आयुष्यात पहिल्यांदा एका बाईला तिने दोनदा टोचलं.

घरी येऊन तिने टॅबलेट उघडला. दुर्गाबाईंचे तीन वर्षांचे आकडे समोर होते. पहिल्या वर्षी सहा, दुसऱ्या वर्षी अकरा, तिसऱ्या वर्षी सतरा. म्हणजे सलग दोन वर्षं दहाच्या वर. नियमाप्रमाणे यंदा चिठ्ठी निघायला हवी होती. पण चिठ्ठ्या काढण्याच्या आठवडाभर आधी नाव यादीतून उडालं होतं, आणि जी यादीत नाही तिची चिठ्ठी कोण काढणार? मिनलला आणखी एक गोष्ट आठवली. बाही वर करताना दुर्गाबाई म्हणाल्या होत्या, पोट हल्ली लई फुगतंय, जेवण जात न्हाई, गॅसची गोळी घेतेय.

मग तिने तीन वर्षांपूर्वीचा पहिला फॉर्म उघडला. प्रश्न छापलेला होता, "गर्भाशय/अंडाशय काढले आहे का?" मध्ये एक तिरकी रेघ, आणि पुढे "हो" आणि "नाही" असे दोन चौकोन. गर्भाशय हा शब्द कुरुळीत कोणी वापरत नाही. म्हणून मिनलने सगळ्यांना सरळ विचारलं होतं, "पिशवी काढलीय का?" बाई म्हणाली हो, की हिने टिक मारली हो. ऑफिसच्या कॉम्प्युटरने त्या एका टिकेचे दोन अर्थ केले, पिशवीही नाही आणि अंडाशयही नाहीत. ऊसतोडीच्या भागातून आलेल्या कितीतरी बायकांच्या पिशव्या ऐन तारुण्यात काढलेल्या होत्या. त्या सगळ्या एका रेघेने अपात्र झाल्या होत्या. खाली सही होती, मिनल अ. ओव्हाळ, ठसठशीत अक्षरात, ज्याबद्दल तिला शाळेत बक्षीस मिळालं होतं. तिला लाज वाटली. अंडाशय वेगळे असतात हे ती कोर्सच्या पहिल्या वर्षात शिकली होती. तीन वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी एका दमात एकोणतीस फॉर्म भरायचे होते आणि तिने एक प्रश्न वाचवला होता.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात सुजितला फोन केला. सुजित यादीचं काम पाहायचा. पोरगा हुशार आणि स्वभावाने बरा होता. फक्त त्याला बायका कधी दिसल्या नव्हत्या, रकानेच दिसले होते.

"ताई, डेटा क्लीन झालाय आता, तीन वर्षांचे फॉर्म तपासून अपात्र नावं काढलीत," तो म्हणाला. "आणि मूळ फॉर्मवर सही तुमची आहे. बदलायचं तर चूक कोणाची ते लेखी द्यावं लागतं."

"मग देते की लेखी."

"थांबा ना ताई. तुमचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये रिन्यू व्हायचंय. त्रेसष्ट फॉर्म चुकलेत असं तुम्हीच लिहून दिलंत, तर उरलेल्या अकराशेंवर पण शंका घेतील. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

तो खरंच भल्याचं सांगत होता, आणि त्यामुळेच मिनलला त्याच्यावर चिडताही येईना. बाराशे बायका, एकही गळती नाही, बैठकीतला तो पडदा, हे तिने जिवापाड कमावलेलं होतं. ती स्कूटी काढून आकुर्डीला गेली. अण्णासाहेब आता चौऱ्याहत्तरचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझं मोजायचं गेज एकदा झिजलं होतं. मला कळलंच नाही. चारशे चांगले पीस मी लाल क्रेटमध्ये टाकले."

"मग?"

"मग काय, कळल्यावर साहेबाच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, लाइन थांबवा, माझं चुकलंय."

"ओरडले असतील."

"ओरडले तर! सगळ्या कामगारांसमोर ओरडले. आठ दिवस क्रेट उपसून एकेक पीस पुन्हा मोजत होतो. लोक म्हणायचे, अण्णा, गप बसला असतास तर कुणाला कळलं असतं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला कळलं होतं ना. माझ्या फाइलीत तो मेमो अजून असेल. असू दे. ते चारशे पीस गाड्यांना लागले, त्या गाड्या रस्त्यावर धावल्या. तुझी तर माणसं आहेत, मिनल."

तिने घरी येऊन पत्र लिहिलं. मराठीत लिहिलं, कारण कबुली द्यायची तर ती आपल्या भाषेत, असं तिचं म्हणणं होतं. "फॉर्ममधील प्रश्न मी अर्धाच विचारला. ही चूक माझी आहे. त्रेसष्ट बायकांच्या शरीरात अंडाशय आहेत की नाहीत, हे आज कोणालाच माहीत नाही. त्यांनाही नाही. ते सोनोग्राफीवरून कळेल, म्हणून त्या सगळ्यांची सोनोग्राफी करावी. त्यातील दुर्गाबाई यांचा आकडा दोन वर्षे दहाच्या वर असून पोट फुगण्याची तक्रार आहे. त्यांची आधी करावी." आणि हे पत्र तिने सुजितला न पाठवता थेट संशोधनाच्या प्रमुख डॉ. विजयश्री लोमटे यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

डॉ. विजयश्रींनी पत्र दोनदा वाचलं. त्या अंबाजोगाईच्या. कडक बाई म्हणून त्यांचा लौकिक होता, आणि मिनल बोलणी खायच्या तयारीनेच उभी होती. "माझ्या सगळ्या मावश्या पिशवीच म्हणतात," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "तो फॉर्म मी बनवला. ती तिरकी रेघ माझी आहे, मिनल. पत्रात तेही लिहायला हवं होतंस." त्यांनी तिथल्या तिथे पेन काढलं आणि पत्राच्या खाली आपली चूक लिहून सही केली. मग सुजितला बोलावून त्रेसष्ट चिठ्ठ्या काढायला सांगितल्या. मिनल बाहेर येऊन जिन्यात बसली आणि दोन मिनिटं नुसती रडली. तिला हायसं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर स्वतःचा अभिमानही वाटला होता.

पण चिठ्ठी निघाली म्हणून बाई निघते असं थोडंच आहे? बासष्ट जणी तयार झाल्या. अडून बसल्या त्या दुर्गाबाई.

"मला काय बी झालेलं न्हाई. त्या डाक्टरनं तवाच सांगितलं व्हतं, आता बायकांचा कसलाच रोग तुला व्हनार न्हाई. पिशवीच न्हाई तर रोग बसंल कुठं?"

हे एक वाक्य त्यांनी पंचवीस वर्षं उराशी धरलं होतं. ऐन सत्ताविसाव्या वर्षी पोट कापून घेतल्याच्या बदल्यात त्यांना मिळालेली ती एकच गोष्ट होती, आणि मिनल तीच मागायला आली होती. उद्धवराव मध्ये पडून म्हणाले, "अगं, ताई येवढं म्हणतेत तर जाऊन ये की." त्यांना "तुमाला काय कळतंय?" एवढंच उत्तर मिळालं. दुर्गाबाई पदर खोचून कामावर निघून गेल्या.

मिनल त्यांच्या मागोमाग कॅन्टीनमध्ये गेली. परातीत कणकेचा मोठा गोळा मळून ठेवलेला होता. दुर्गाबाई पटापट उंडे तोडून लाटत होत्या, आणि मान वर करायला तयार नव्हत्या. मिनलने हात धुतले, परातीतली मूठभर कणीक घेतली आणि ओट्यावर ठेवली.

"मावशी, ही तुमची पिशवी समजा." मग तिने दोन छोटे उंडे तोडले आणि त्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवले. "आणि हे दोन उंडे. हे बाजूला असतात, पिशवीच्या आत नसतात. आता मी डॉक्टर." तिने मधला गोळा उचलला आणि परातीत परत टाकला. "पिशवी गेली. काय राहिलं?"

दुर्गाबाईंचं लाटणं थांबलं. त्या ओट्याकडे पाहत राहिल्या. शेजारच्या दोघी बायकाही येऊन उभ्या राहिल्या.

"उंडे," दुर्गाबाई म्हणाल्या.

"त्यांनी तेही उचलले असतील, किंवा नसतीलही. कुठल्या कागदावर लिहिलंय का?"

"कागद कुनी दिलाच न्हाई." दोन बोटांनी त्यांनी एक उंडा थोडा हलवून पाहिला. "पंचवीस वरसं झाली," त्या म्हणाल्या. "माझ्या पोटात काय हाय आन् काय न्हाई, ते मलाच ठाव न्हाई. आठशे चपात्या मोजून देते मी रोज. आन् ह्ये मोजलं न्हाई."

"तुम्हाला मोजायला कोणी दिलंच नाही, मावशी."

दुर्गाबाईंनी तवा खाली उतरवला. "चल," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मिनलला अगं-तुगं केलं.

सोनोग्राफीच्या खोलीत मिनल त्यांच्या उशाशी उभी होती. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. उजवा अंडाशय जागेवर होता. डावाही होता, आणि त्याच्यावर लिंबापेक्षा मोठी गाठ होती. पुढच्या तपासण्या भराभर झाल्या. महिन्याच्या आत एका सरकारी रुग्णालयात ऑपरेशन होऊन दोन्ही अंडाशय काढले. कॅन्सरच होता. पण तो त्या एका अंडाशयापुरता होता, बाहेर कुठे पसरलेला नव्हता. तिथले सर्जन उद्धवरावांना म्हणाले, "इतक्या लवकर आमच्याकडे फारच थोड्या जणी येतात." उद्धवराव, ज्यांनी गेटवर उभं राहून भल्याभल्यांच्या गाड्या अडवल्या होत्या, ते तिथेच हात जोडून रडले.

मिनलने डॉ. विजयश्रींना विचारलं, की मग आपला आकडा खरा ठरला का? सहा, अकरा, सतरा, त्याने सांगितलं का आपल्याला? डॉक्टरीणबाईंनी तिला हवं ते उत्तर दिलं नाही. "माहीत नाही. तो आकडा गाठीमुळे चढला असेल, दुर्गाबाई मिश्री लावतात त्यामुळे हिरड्या खराब होऊन चढला असेल, गुडघ्यामुळे असेल. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. हजारो बायकांचे आकडे जमतील तेव्हा काहीतरी बोलता येईल. पण दुर्गाबाईंचं तीन वर्षांचं रक्त आपल्याकडे गोठवून ठेवलंय, आजार कळण्याच्या आधीचं. संशोधनाला असं रक्त फार मोलाचं असतं. त्या यादीबाहेर राहिल्या असत्या तर त्या ट्यूबा कोणी उघडल्याच नसत्या." मिनलला हे उत्तर आवडलं. माहीत नाही म्हणणारा डॉक्टर तिने वीस वर्षांत फारसा पाहिला नव्हता.

त्रेसष्टपैकी एकेचाळीस जणींचा निदान एक अंडाशय शाबूत निघाला. त्या सगळ्या यादीत परत आल्या. दुर्गाबाई सोडता बाकी चाळीस जणींमध्ये गाठबिठ काही सापडलं नाही, पण समाजमंदिरात आता बायका एकमेकींना बेधडक विचारायच्या, "तुजे उंडे हायेत का गं?" आणि ज्यांना उत्तर ठाऊक होतं त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या, "दोनी हायेत." पुण्याच्या ऑफिसने फॉर्म बदलला. एका प्रश्नाचे तीन झाले, पिशवी, उजवा अंडाशय, डावा अंडाशय. आणि "हो" आणि "नाही"च्या शेजारी तिसरा चौकोन आला, "बाईला सांगितलेले नाही." हा चौकोन मिनलने मागून घेतला होता. इतर शहरांतही तोच फॉर्म गेला, आणि तिसऱ्या चौकोनात टिका एवढ्या आल्या की डॉ. विजयश्रींनी त्यावर वेगळा अहवाल लिहायला घेतला. मार्चमध्ये मिनलचं कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांसाठी वाढलं. तिच्या फाइलीत चुकीच्या कबुलीचं ते पत्रही आहे. अण्णांना तिने त्याची झेरॉक्स दिली, आणि येईल त्या पाहुण्याला अण्णा ती वाचायला देतात. पाहुण्यांना वाटतं, प्रशस्तिपत्रक आहे.

केमोच्या फेऱ्या संपल्यावर साताठ महिन्यांनी, एका गुरुवारी, दुर्गाबाई ओळीत येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर बोटभर केस आले होते आणि त्यांनी ते झाकले नव्हते. हातात प्लास्टिकची जाड फाइल होती. आजाराच्या काळात त्यांचं रक्त घेणं संस्थेने थांबवलं होतं, आता उपचारानंतर आकडा उतरतो का ते पाहण्यासाठी पुन्हा सुरू करायचं होतं, आणि त्याआधी नवा फॉर्म भरायचा होता.

"पिशवी काढली आहे का?" मिनलने वाचलं. आता ती एकही प्रश्न वाचवत नव्हती.

"व्हय. सत्ताविसाव्या वरसी."

"उजवा अंडाशय काढला आहे का?"

"व्हय."

"डावा?"

"व्हय. डाव्यावरच गाठ व्हती, दुसरीकडं कुठंच न्हवती. थांब, अदमासे नको लिहू." दुर्गाबाईंनी फाइल उघडली. ऑपरेशनची तारीख सांगितली, डॉक्टरांचं नाव सांगितलं, गाठ किती सेंटिमीटर होती ते सांगितलं, आणि प्रत्येक कागद टेबलावर बोटाने सारून मिनलच्या पुढ्यात ठेवला. मागची ओळ माना पुढे काढून ऐकत होती. मिनलने तिन्ही टिका मारल्या आणि सहीसाठी फॉर्म त्यांच्याकडे फिरवला.

"आन् अजून एक लिही," दुर्गाबाई म्हणाल्या. "या बारीला मला इचारून काढलं. समद्यात आधी डाक्टरनं माझ्याम्होरं खुर्ची घेतली, काय काढनार, काहून काढनार, समदं सांगितलं. मी व्हय म्हणले, मंग काढलं. ते कुठं लिवायचं?"

फॉर्मवर त्यासाठी जागा नव्हती. मिनलने पेन घट्ट धरलं आणि समासात, तिच्या त्या ठसठशीत अक्षरात, लिहिलं, "दुर्गाबाईंना विचारून."